डोळ्यांनी ऐकू नका

आत्याबाई गेल्याची बातमी मला सांगलीत कळली. वन्संच्या मुलीचा साखरपुडा तोंडावर आला होता आणि मदतीला म्हणून मी कोयनानगरहून आधीच येऊन दाखल झाले होते. आम्ही दोघी स्वयंपाकघरात नारळ खवत बसलो असताना समोरच्या किराणा दुकानातून हाक आली, "वहिनी, कोयनेचा फोन हाय, लवकर या." वन्संचे हात खोबऱ्यानं भरलेले, म्हणून फोन मी घेतला. ह्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, उलट थोडा सावकाश. "आई गेली... काही त्रास झाला नाही. ताईला सांग, आणि दोघी नीट या, धावपळ करू नका." फोन ठेवून मागे वळले तर वन्सं दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. माझं तोंड बघूनच त्यांना काय ते समजलं. त्यांनी पदरानं हात पुसले आणि दुकानदाराला फोनचे पैसे मागाहून देते म्हणून सांगितलं.

त्यानंतर भेटायला जो येई तो एकच वाक्य बोले, "सुटल्या बिचाऱ्या." सासूबाई आंधळ्या होत्या, वय झालं होतं, तेव्हा लोकांच्या दृष्टीनं त्यात वावगं काही नव्हतं. मीही मान हलवत होते, चहा पुढं करत होते. पण आतल्या आत माझं डोकं फिरत होतं. सुटायला त्या अडकल्या होत्या कुठं? अडकलो होतो आम्ही सगळेच, आणि आमची सुटका पाच-सहा वर्षांपूर्वी एका भर दुपारी टीव्हीच्या खोक्यातून झाली, हे आलेल्या माणसाला चहाच्या कपासोबत कसं सांगणार? सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, दुःखानं हिला भ्रम झालाय. म्हणून आज सावकाश लिहायला बसले आहे.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्याबाईच म्हणतात. मूळ गाव कोरेगावजवळचं. सासरे पलटणीत होते, त्यामुळे बाईचं अर्धं आयुष्य एकटीनं शेत सांभाळण्यात गेलं. सासरे वारल्यावर त्या आमच्याकडे कोयनानगरला आल्या, ह्यांच्या वीजघरातल्या नोकरीच्या क्वार्टरमध्ये. तिथं कॉलनीत प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला होता. नातवंडं खेळवायच्या वयात आत्याबाई पाटी घेऊन त्यात जाऊन बसल्या आणि एकदा अक्षर ओळखीचं झाल्यावर त्यांनी त्याला काही सोडलं नाही. वर्तमानपत्र, शेंगदाण्याच्या पुडीचा कागद, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, निवडणुकीची पत्रकं, सगळं वाचून व्हायचं. दुपारच्या एसटीनं पेपर येई. तो आला की आमच्या क्वार्टरांच्या लायनीतल्या बायका हातातलं काम घेऊन आमच्याकडे जमत आणि आत्याबाई मोठ्यानं वाचून दाखवत. नुसतं वाचत नसत. मंत्र्याच्या भाषणात मध्येच "व्हय रं बाबा, तुझं काय जातंय बोलाया" असं स्वतःचं घालत. खरं सांगायचं तर बायका पेपरसाठी येत नव्हत्या, ह्या पदरच्या वाक्यांसाठी येत होत्या.

मग काचबिंदू झाला. तो गुपचूप येतो, आणि आत्याबाईंनीही तो गुपचूपच ठेवला. दिसेनासं झालं तरी पेपर पुढ्यात धरून त्या अंदाजानं बातम्या सांगत राहिल्या. एकच मंत्री आठवड्यात दोनदा परदेशी गेला आणि एकदाही परत आला नाही, तेव्हा शेजारच्या पवारकाकूंना शंका आली. आम्ही आत्याबाईंना सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी तपासून सांगितलं, की गेलेली नजर आता परत येणार नाही. घरी आल्यावर आत्याबाई खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "आता माझ्याकडं कशाला यील कोन?"

सगळं त्या एका वाक्यात होतं. डोळे गेल्याचं दुःख होतंच, पण माणसं येणं थांबेल ह्याची त्यांना खरी भीती होती. आणि ती खरी ठरली. बायका थोडे दिवस रीत म्हणून आल्या, एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसल्या. मग एकीचं पाणी यायचं, दुसरीचं दळण... येणं बंद झालं. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून पडू लागल्या. आधी अर्धी भाकरी राहायची, मग चतकोरही जाईना. मी ओरडले, विनवलं, शेवटी एकदा रडलेही. त्या म्हणाल्या, "जेवून काय करू ग?" ह्यांनी ट्रान्झिस्टर आणून दिला. पण आमची जागा दरीत, चारी बाजूंनी डोंगर. तिथं साधा रेडिओ लावला की कढईत मोहरी तडतडल्यासारखा आवाज, आणि त्यातून मधूनच एखादा शब्द. आत्याबाई म्हणत, "बंद कर त्ये. भाईर पडतोय त्यो पाऊस पुरं हाय."

त्याच सुमारास छत्र्या दिसायला लागल्या होत्या. डिश अँटेनाला आमच्याकडे छत्रीच म्हणतात, आणि कोयनेत वर्षाचे चार महिने छत्रीशिवाय पाऊल टाकता येत नसल्यामुळे आभाळाकडे तोंड करून ठेवलेल्या ह्या छत्रीची बरीच थट्टा झाली. लायनीतल्या पुरुषांनी क्रिकेटसाठी वर्गणी काढून ती घ्यायची ठरवली. आमचं क्वार्टर कडेचं, अंगण मोकळं, म्हणून छत्री आमच्या अंगणात आणि तिचं खोकं आमच्या टीव्हीवर. बसवायला कोरेगावकडचेच कांबळे हवालदार आले होते. लष्करातून निवृत्त होऊन त्यांनी हा उद्योग सुरू केला होता. दारातूनच आत्याबाईंना "जय भीम, आक्का" म्हणून आले ते गप्पा मारतच. त्यांनी छत्रीचं तोंड दक्षिणेकडे केलं तशी पवारकाकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "आवं, दक्षिण ही यमाची दिशा. घरात आजारी माणूस हाय, जरा तरी इचार करा."

"काकू, दिशाबिशा आमच्यात कोन मानत न्हाई," हवालदार हसले, "पर तुमी म्हनताय म्हनून फिरवली असती. काय करू, उपग्रह तिकडंच बसलाय."

आतून आत्याबाईंचा आवाज आला, "असू द्या. यमाला घर हुडकाया छत्री लागत न्हाई." किती दिवसांनी त्या काहीतरी बोलल्या होत्या. पण बोलून पुन्हा भिंतीकडे वळल्या, आणि मी पुन्हा परातीतल्या पिठाकडे.

हवालदार खोक्याची बटणं फिरवत होते. चित्र आलं होतं, कुठल्यातरी परराज्यातल्या वाहिनीचं. एक माणूस मासे तळत होता. आवाज मात्र लागत नव्हता. त्या खोक्याला आवाजाचं वेगळं बटण होतं, ते हळूहळू फिरवताना खरखर, मग शीळ, मग अचानक स्वच्छ मराठीत एक बाई बोलायला लागली. उसावरच्या किडीविषयी काहीतरी सांगत होती. मासे तळणारा माणूस तोंड हलवत होता आणि उसाच्या किडीवर औषध सांगत होता! हवालदार म्हणाले, "ह्यो बिघाड हाय, थांबा," आणि बटण पुढं नेलं.

"थांब रं! मागं घे! मागं घे त्ये!"

आत्याबाई खाटेवर उठून बसल्या होत्या. मी पिठाच्या हातांनी तशीच धावले. हवालदारांनी बटण मागं घेतलं आणि ती बाई पुन्हा बोलू लागली, शेजारच्या खोलीत बसून बोलावी इतकी स्वच्छ. आत्याबाईंनी मान थोडी तिरकी केली आणि कार्यक्रम संपेपर्यंत हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाकरी झाली का ग?" त्या दिवशी मी पुरुषांना क्रिकेट बघू दिलं नाही. वर्गणी त्यांची होती, पण घर माझं होतं.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. उपग्रहावरून चित्र येतं, त्याच्यासोबत त्याचा आवाज येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच लाटेवर, चित्राच्या शेजारी आणखी एखाद-दुसरा आवाज बसून येतो. एसटीत ड्रायव्हरच्या शेजारी ओळखीचा माणूस बसून जातो ना, तसा. तो आवाज रेडिओचा असतो. एका केंद्रावरचा कार्यक्रम दुसरीकडे पोचवायला तो वर पाठवलेला असतो. छत्री असेल आणि बटण फिरवायला धीर असेल तर तो आपल्यालाही ऐकता येतो. डोंगर आडवा येत नाही, कारण आवाज डोक्यावरून उतरतो. हे सगळं हवालदारांनी दुसऱ्या खेपेला कुणालातरी विचारून येऊन सांगितलं. गैरसोय एकच: रेडिओ ऐकताना समोर चित्र दुसरंच चालू राहतं.

आणि तिथंच सगळी मौज होती. आत्याबाईंकडे पुन्हा आवाज सुरू झालाय हे कळल्यावर पवारकाकू पहिल्यांदा आल्या. पडद्यावर एक मुलगी घागरा गरगरा फिरवत नाचत होती, आणि रेडिओवर बाजारभाव चालू होते. काकू पूर्ण लायनीत सांगून आल्या, की टीव्हीवर एक बाई नाचत नाचत सांगलीच्या हळदीचा भाव सांगते, आणि तोही बरोबर सांगते. दुसऱ्या दिवशी ती बाई बघायला सहाजणी आल्या. त्या दिवशी पडद्यावर कुठलेतरी मंत्री फीत कापत होते आणि रेडिओवर अभंग लागला होता. एकीनं मंत्र्यांना हात जोडले. आत्याबाईंना ह्यातलं काही दिसत नव्हतं, त्यामुळे आम्ही का हसतोय हे त्यांना समजावून सांगावं लागे. ऐकून त्याही हसत. पण मला कळत होतं, बायका गंमत बघायला येत होत्या. गंमत जुनी झाली की त्या पुन्हा येणार नाहीत, आणि मग काय... मी रोज दाराकडे बघत असे.

पावसाळ्यात तो दिवस आला. धरण भरत आलं होतं, ह्यांची ड्यूटी लांबत होती. दुपारी चार-पाचजणी आमच्याकडे होत्या. रेडिओवर बातम्या चालू होत्या आणि पडद्यावर पूर होता. घरांची नुसती छपरं दिसत होती. एका छपरावर माणसं आणि त्यांच्यात एक शेळी. तेवढ्यात आवाज आला, कोयना धरणातून पाणी सोडत आहेत, कृष्णाकाठच्या गावांना इशारा दिला आहे, सांगलीत पातळी वाढते आहे. पवारकाकूंनी छाती बडवली, "आगं बया, सांगली गेली की ग! तुमची लेक, आक्का!"

वन्संचं घर नदीच्या बाजूला. आमच्या धरणाचं पाणी सोडलं की ते कुठं जातं हे कोयनेत लहान पोरालाही माहीत असतं. चित्र भलतीकडचं असतं हे मला ठाऊक होतं, हळदीच्या बाईला मीच सगळ्यात जास्त हसले होते. पण त्या क्षणी ते डोक्यात आलंच नाही. मला ती छपरं सांगलीची दिसत होती, त्यातलं एक वन्संचं दिसत होतं. एकजण रडायला लागली.

"काय दिसतंय तुमाला?" आत्याबाईंनी विचारलं.

मी सांगितलं. छपरं सांगितली, माणसं सांगितली.

"आनि त्यो बोलनारा काय म्हनला, त्ये कुनी ऐकलं का?"

कुणीच ऐकलं नव्हतं. आम्ही सगळ्या बघत होतो.

"त्यो म्हनला, इशारा दिलाय. पातळी वाढती म्हनला. बुडाली असं न्हाई म्हनला. माझी लेक तितं ऱ्हाती, मी कान दिऊन ऐकलंय." मग म्हणाल्या, "डोळ्यांनी ऐकू नका. समद्याजनी डोळं मिटा. शेवटाला परत सांगतील, तवा नीट ऐका."

आम्ही शाळेतल्या मुलींसारखे डोळे मिटले. बाहेर पाऊस कोसळत होता. शेवटी ठळक बातम्या पुन्हा झाल्या आणि आत्याबाई म्हणाल्या होत्या तेच शब्द आले, एक कमी नाही की एक जास्त नाही. इशारा. पातळी वाढते आहे. तरीही मी ह्यांच्या ऑफिसात जाऊन सांगलीच्या त्या दुकानात फोन लावला. पुष्कळ खटपटीनंतर लागला. वन्सं आल्या आणि म्हणाल्या, "पाणी घाटाच्या पायऱ्यांवर हाय, दरवर्षी असतंय तेवढंच. मी भाकऱ्या टाकून आलीया, करपतील. तू रडतीस कशाला?" भिजत घरी आले, सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "मग? चा टाक समद्यास्नी." मी आत जाऊन स्टोव्ह पेटवला आणि तिथंच बसून हुंदके देऊन रडले. वन्सं सुखरूप होत्या म्हणून तर रडलेच, पण बाहेरच्या खोलीत बायका आत्याबाईंना विचारत होत्या, "आक्का, उद्या किती वाजता सांगत्यात वो बातम्या?" ते ऐकून जास्त रडले. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं मला. इतकं हलकं मला त्यानंतर कधी वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून टीव्हीवर माझ्या जुन्या साडीचा तुकडा आला. पुरुषांनी तक्रार केली, त्यांना रविवार दिला. दुपार आत्याबाईंची. नवीन कुणी बदलून आलं, की त्याची बायको एक-दोन दिवसांत आमच्याकडे यायचीच, आणि तिला आत्याबाई पहिल्यापासून समजावत. पाचगणीच्या मोठ्या शाळेत शिकलेली एक इंजिनिअरची बायको आली होती. तिलाही तेच. "पयलं म्हंजे बोलनाऱ्याचं तोंड कसं असंल ह्याचा इचार करायचा न्हाई. त्यो काय म्हनतोय तेवढंच धरायचं. आनि संपल्याबिगर डोळं उघडायचं न्हाईत, न्हाईतर मधीच दूध उतू जाईल असं वाटतंय." मध्येच भूकंपाच्या धक्क्यानं जमीन हलायची, मांडणीवरची भांडी वाजायची. नवीन बाई दचकून उठायची. आत्याबाई म्हणत, "बस ग, रोजचंच हाय त्ये." कार्यक्रम संपला की त्यांची जुनी पदरची वाक्यं सुरू व्हायची. आता ती मंत्र्यांवरच नाही, हवामान खात्यावर, गायकांवर, पाककृती सांगणाऱ्या बाईंवरही असत. मी मात्र कधी त्यांच्यात बसले नाही. स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि गालात हसायचे.

अलीकडे पेपरात आलं होतं, की आता नुसत्या रेडिओसाठी वेगळा उपग्रह येणार, त्याला ही मोठी छत्री लागणार नाही, वहीएवढी पट्टी खिडकीत ठेवली की झालं. मी ते आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे टीव्ही न्हाईच? मग नव्या बायकांनी झाकायचं काय?" बराच वेळ त्या ह्याच काळजीत होत्या.

मी सांगलीला निघाले तेव्हा त्या खाटेवर बसून शेंगा फोडत होत्या. "लेकीला म्हनावं, साखरपुड्याला माझी वाट बघू नगं. मी हितनंच आशीर्वाद दीन," म्हणाल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, दोन दिवसांत येते." त्या म्हणाल्या, "सावकाश ये. घरात मानसं असत्यात की." ही आमची शेवटची भेट. पुढचं मला पवारकाकूंनी सांगितलं. दुपारी नेहमीसारख्या सगळ्या जमल्या होत्या, साडीचा तुकडा टीव्हीवर होता, सगळ्यांचे डोळे मिटलेले. आरोग्यावरचा कार्यक्रम होता. तो संपला, बायकांनी डोळे उघडले आणि आक्का काय बोलतात म्हणून त्यांच्याकडे बघितलं. त्या काही बोलल्या नाहीत. भिंतीला टेकून, मान जराशी तिरकी करून बसल्या होत्या. "कवा गेल्या, कुनाला कळलंच न्हाई ग," काकू सांगताना रडत होत्या, "समद्या हितंच हुतो की आमी..." मीही रडले, पण खरं सांगते, त्या रडण्यात सुटल्यासारखंच जास्त वाटत होतं. ज्या बाईला माणसं येणार नाहीत ह्याची भीती होती, ती घरभर माणसं बसलेली असताना गेली.

ह्यांची निवृत्ती जवळ आली आहे. क्वार्टर रंगवून परत करायचं म्हणून परवा रंगारी आला. सगळ्या खोल्या फिरून तो बाहेरच्या, आत्याबाईंची खाट होती त्या खोलीत थांबला. खाटेशेजारच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, एका ओळीत काळपट डाग पडले आहेत. काही ठळक, काही पुसट, एक पार दारापाशी. मी ती भिंत रोज बघत होते, पण ते डाग माझ्या कधी लक्षात आले नव्हते.

"वहिनी, ही भिंत आदी घासाय लागंल," रंगारी म्हणाला. "तेलाचं हाईत ह्ये. कशानं पडलं एवढं?"

"आमच्या सासूबाईंकडे माणसं यायची," मी म्हटलं. "त्यांच्या डोक्यांचे आहेत."

त्यानं ओळीवरून एकदा नजर फिरवली आणि ही भिंत शेवटी करू, असं म्हणाला. मी म्हटलं, करूच नका.